आलोराचा वेढा

मालागाजवळ ग्वादालोर्से नदीच्या काठी आलोरा नावाचं गाव आहे. पंधराव्या शतकात ते ग्रानादाच्या मुस्लिम राज्यात होतं. सरहद्दीपलीकडे ख्रिस्ती कास्तिल. १४३४ साली अंदालुसियाचा आदेलान्तादो (म्हणजे सरहद्द राखणारा बडा अंमलदार) दिएगो गोमेस दे रिबेरा याने गावाला वेढा घातला आणि तिथेच बाण लागून तो मेला. त्या प्रसंगावर कुणा अनामिकाने रचलेला, जेमतेम चाळीसेक ओळींचा स्पॅनिश ‘रोमान्से’ (म्हणजे कथागीत) आजही वाचला जातो. तो रचला कास्तिलच्या बाजूने. पण कवी पहिली हाक मारतो ती वेढलेल्या गावाला, आणि तीही एकेरीत, जवळिकीने.

रविवारची सकाळ, सज्ज फौज, तोफांनी तटाला पाडलेलं खिंडार. लढाई एवढ्यात उरकते. मग कवी श्रोत्यांकडे वळतो आणि त्यांना किल्ल्याकडे धावणारी माणसं दाखवत राहतो. बायकांकडे कपडे, पुरुषांकडे पीठ नि गहू, पंधरा वर्षांच्या मुलींकडे सोनं, आणि लहानग्यांकडे मनुका, अंजिरं. शत्रूचं वर्णन करायला बसलेला माणूस त्याच्या पोरांच्या हातातला खाऊ टिपतो, तेव्हा तो शत्रू शत्रू कितपत राहतो? गाण्यात प्रत्येक दुसरी ओळ ‘ई-ओ’ या एकाच स्वरजोडीवर थांबते. स्पॅनिशमध्ये गहू, अंजीर, किल्ला आणि बाण हे चारही शब्द त्याच जोडीवर संपतात. त्यामुळे खाऊच्या नादातच बाण येतो. कानाला आधी धक्का बसत नाही.

त्या पोरांच्या रांगेतलाच वाटावा असा एकजण तटावर मागे राहिलाय. दोन चर्यांच्या मधे तो क्रॉसबो ताणून उभा आहे. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो: युद्ध थांबवा, किल्ला तुमचा. बोलणारा कोण हे पाहायला आदेलान्तादो शिरस्त्राणाची झडप वर करतो आणि बाण कपाळातून शिरून मागे निघतो. हा उघड दगा. तरी कवी त्याला दगा म्हणत नाही, शिवी देत नाही, हळहळतही नाही. पोवाडा ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला हे जरा चुकल्यासारखं वाटतं. शाहिराने इथे डफावर थाप मारून वैऱ्याचा उद्धार केला असता.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची जागा. मेलेल्या सरदाराचं नाव गाण्यात कुठेच नाही; आहे फक्त हुद्दा. मारणाराही निनावी. नावं आहेत ती सरदाराला बाहेर काढणाऱ्या दोघांची, पाब्लो आणि हाकोबिल्यो. एकाने घोड्याचा लगाम धरला, दुसऱ्याने धन्याचा हात. दोघे त्याच्याच घरात लहानाचे मोठे झालेले. या एका तपशिलाने चिलखतातला हुद्दा घर असलेला माणूस होतो, आणि तेही मरताना. वैद्यांसमोर तो पहिले शब्द उच्चारतो ते मृत्युपत्राचे. त्यात काय होतं, हे कवी सांगत नाही.

गाणं इथेच थांबतं. वेढ्याचं काय झालं याची त्याला फिकीर नाही. आलोरा त्या वर्षी पडलं नाही. कास्तिलचे राजा-राणी फर्नांदो आणि इसाबेला यांच्या फौजेने ते जिंकलं १४८४ साली, तोफांच्याच जोरावर. तो विजय इतिहासाच्या पुस्तकांत आहे. साहित्याच्या वाचकाला आलोरा ठाऊक आहे ते या फसलेल्या वेढ्यामुळे.