दर्शनी भिंतीचे सत्य

मोठे व्हिक्टोरियन धाटणीचे घर बाहेरून कसे सजवावे, या विषयावर पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्यातील बहुतेक लेखन रंगांच्या यादीपाशी येऊन थांबते. भिंतीला अमुक रंग, खिडकीच्या चौकटीला तमुक, कठड्याला तिसराच, एवढे सांगितले की विषय संपला असे मानण्याची रीत आहे. आमच्या मते खरा प्रश्न त्याच्या आधी उभा राहतो. घराच्या दर्शनी भागाने काय सांगावे, कोणाला सांगावे, आणि सांगताना कितपत खरे बोलावे? व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, इंग्लंडातील विचारवंतांनी या प्रश्नावर कडाक्याचा वाद घातला. त्या वादाची खरी परीक्षा मात्र समुद्रापलीकडे, कॅलिफोर्नियातील लाकडी घरांवर झाली. त्या घरांचा आणि त्यांच्या आजच्या रंगरूपाचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

वादाचा आरंभ करणाऱ्यांत ऑगस्टस वेल्बी पुजिन या वास्तुकाराचे नाव अग्रभागी येते. १८१२ साली जन्मलेला हा मनुष्य विशीत असतानाच कॅथलिक झाला आणि पुढे लंडनच्या संसदभवनाच्या सजावटीवर त्याने आपली मुद्रा उमटवली. १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने वास्तुकलेचे दोन नियम मांडले. सोय, बांधकाम आणि औचित्य यांपैकी कशासाठीही आवश्यक नाही असे काहीही इमारतीवर असू नये, हा पहिला. आणि सजावट म्हणजे मूळ बांधकामालाच दिलेली शोभा असावी, हा दुसरा. हे नियम त्याने देवालयांपुरते राखून ठेवले नाहीत. इंग्लंडच्या किनाऱ्यावर रॅम्सगेट येथे १८४३-४४ मध्ये त्याने स्वतःसाठी घर बांधले तेव्हा आधी आतल्या खोल्यांची रचना ठरवली आणि बाहेरच्या भिंतींना तिच्यामागून येऊ दिले. त्यामुळे त्या घराची कुठलीच बाजू आरशात पाहून नटल्यासारखी वाटत नाही. खिडकी तेथे आहे, कारण आत तिची गरज आहे.

आता सॅन फ्रान्सिस्कोकडे वळू. सोन्याच्या शोधानंतर हे शहर झपाट्याने वाढले, आणि १८७० नंतरच्या तीन दशकांत तेथे रेडवूड या स्थानिक वृक्षाच्या लाकडाची घरे रांगांनी उभी राहिली. रेडवूड सरळ, हलके आणि कापायला सोपे. शिवाय सहजासहजी न कुजणारे. त्यात यंत्राने चालणारी करवत आली, यंत्रावर खांब कातले जाऊ लागले, आणि नमुनापुस्तकात पाहून कारखान्यातून तयार नक्षी मागवता येऊ लागली. सुताराने महिनाभर बसून कोरावी अशी जाळी यंत्र अल्पकाळात कापून देऊ लागले. साहजिकच दशकागणिक अभिरुची बदलत गेली. आधी इटलीतील प्रासादांची आठवण करून देणारी घरे, मग उभ्याआडव्या पट्ट्यांनी आखलेली, आणि शेवटी 'क्वीन ॲन' नावाने ओळखली जाणारी, गोल बुरुजांची, तिकोनी माथ्यांची आणि माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी फळ्यांनी मढवलेली घरे.

पुजिनच्या कसोटीवर यांतील बरीचशी घरे उतरणार नाहीत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. इटालियन धाटणीच्या घरांत पुढची भिंत छपराच्या वर उंच नेलेली असते. खालून पाहणाऱ्यास भव्य कंगणी दिसते आणि तिच्या मागचे साधे छप्पर झाकले जाते. कोपऱ्यांवर दगडी चिऱ्यांसारखे दिसणारे ठोकळे असतात, पण ते लाकडाचे. सगळी नक्षी रस्त्याकडच्या बाजूला. बाजूच्या आणि मागच्या भिंती कोऱ्या. जॉन रस्किनने १८४९ मध्ये, एका पदार्थाने दुसऱ्याचे सोंग घेणे आणि यंत्राने काढलेल्या नक्षीला हाताची कला म्हणून मिरवणे, या दोन्हींना वास्तुकलेतील लबाडी ठरवले होते. तिसरे उदाहरण चार्ल्स ईस्टलेक या इंग्रज लेखकाचे. घरातील सामान साधे आणि प्रामाणिक असावे असे सांगणारे त्याचे पुस्तक अमेरिकेत इतके वाचले गेले की तेथील अतिरेकी नक्षीच्या घरांनाच त्याचे नाव चिकटले. आणि १८८२ मध्ये त्याला आपल्या नावाने चाललेल्या या प्रकाराबद्दल जाहीर नापसंती व्यक्त करावी लागली.

तथापि एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. या घरांतील एक अवयव पूर्णपणे सत्य आहे, आणि तो म्हणजे भिंतीतून पुढे आलेली खिडकी. सॅन फ्रान्सिस्कोतील घरांचे भूखंड अरुंद, बहुधा पंचवीस फूट रुंदीचे. घराला घर लागून. आणि हवा धुक्याची. अशा ठिकाणी सपाट भिंतीतील खिडकीला प्रकाश पुरेसा मिळत नाही. ती दोन-तीन फूट पुढे काढली की तिन्ही अंगांनी उजेड आत येतो आणि खोलीही वाढते. म्हणजे तेथील रस्त्यांना लाभलेली ती लय केवळ हौसेतून आलेली नाही. ती उजेडाच्या गरजेतून जन्मली आहे. पुजिनही या खिडकीपुढे मान तुकवता.

दुसरे उदाहरण थोडे उत्तरेचे. युरेका या गावी विल्यम कार्सन या लाकडाच्या बड्या व्यापाऱ्याने १८८४ ते १८८६ या काळात बांधलेले घर व्हिक्टोरियन अलंकरणाची परिसीमा मानले जाते. सॅम्युएल आणि जोसेफ न्यूसम या बंधूंनी त्याचा आराखडा केला. मनोरा, सज्जे, कातीव खांब, जाळ्या, झालरी यांचा तेथे असा दाट मेळा आहे की डोळ्याला विसाव्यासाठी कोरी भिंत शोधावी लागते. संयमाच्या दृष्टीने हे घर कोणालाही आदर्श म्हणता येणार नाही. पण त्यात सोंग थोडे आहे. लाकडावर ज्याचे वैभव उभे राहिले त्याने लाकडाला दगड म्हणून उभे केले नाही. लाकूड काय काय करू शकते हे दाखवले. आज ते घर एका खासगी क्लबाच्या मालकीचे आहे आणि सर्वसामान्य मनुष्याला आत प्रवेश नाही. त्याच्या वाट्याला येते ती केवळ बाहेरची बाजू, रस्त्यावरून पाहण्यापुरती.

येथेच पुजिनच्या दोन नियमांना तिसऱ्याची जोड द्यावीशी आम्हांस वाटते. घराचा आतला भाग कुटुंबाचा. दर्शनी भाग मात्र मालकाने पैसे मोजून घडवलेला असला तरी तो भोगतो वाटसरू. घरात बसलेल्याला आपली कंगणी दिसत नाही. ती दिसते समोरच्या बिऱ्हाडाला. तेव्हा बाहेरची सजावट हे एक सौजन्य आहे, आणि सौजन्यालाही सत्याचे बंधन असतेच.

रंगाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग याने १८४२ मध्येच शुभ्र पांढऱ्या घरांवर टीका केली होती. झाडांच्या हिरवाईत पांढरा रंग डोळ्यांना टोचतो, म्हणून माती, वाळू, दगड यांच्या छटा वापराव्यात, असे त्याचे सांगणे. १८७० नंतर तयार मिसळलेले रंग डब्यांतून मिळू लागले आणि शेवाळी, तपकिरी, विटकरी अशा गडद छटांचा काळ आला. शतक संपता संपता वारे फिरले आणि पांढरा रंग पुन्हा सभ्य ठरला. सॅन फ्रान्सिस्कोवर तर १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने घाला घातला. व्हॅन नेस मार्गाच्या पश्चिमेची घरे वाचली ती आग प्रामुख्याने तेथे रोखली गेली म्हणून. वाचलेल्या घरांवर पुढे करड्या रंगाचे थर चढले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास कित्येकांची नक्षी उखडून वर ॲस्बेस्टॉसचे वा ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकण्यात आले. त्याच सुमारास 'पुनर्विकासा'च्या नावाखाली शहराच्या वेस्टर्न ॲडिशन भागात अशी घरे मोठ्या संख्येने पाडली गेली आणि तेथील कृष्णवर्णीय व जपानी वंशाच्या कुटुंबांना उठावे लागले. जी घरे जुनाट म्हणून पाडली, त्यांच्याच बहिणी आज चित्रपत्रांवर विराजमान आहेत, हे रंगांची चर्चा करताना विसरता कामा नये.

१९६३ मध्ये बुच कार्डम नावाच्या कलावंताने आपल्या जुन्या घराला निळ्या-हिरव्या रंगांच्या उत्कट छटा दिल्या. आधी टीका झाली, मग शेजाऱ्यांनी अनुकरण केले, आणि पाहता पाहता रस्तेच्या रस्ते रंगून निघाले. १९७८ मध्ये एलिझाबेथ पोमाडा आणि मायकेल लार्सन यांच्या पुस्तकाने या घरांना 'पेंटेड लेडीज', म्हणजे रंगलेल्या ललना, हे नाव दिले. अलामो चौकासमोरील, मॅथ्यू कॅव्हनॉ या बांधकाम करणाऱ्याने १८९२ ते १८९६ दरम्यान उभारलेली रांग त्यांत सर्वांत प्रसिद्ध.

या चळवळीचे मोल काय? हे रंग जुन्या काळचे नव्हेत, एवढे म्हणून तिला फेटाळणे सोपे आहे. आमचे मत निराळे आहे. उत्तम उदाहरणांत रंग व्याकरणाचे काम करतो. भार पेलणारा खांब एका छटेत, भरणीची फळी दुसऱ्या, खिडकीची सरकती चौकट सर्वांत गडद, आणि नक्षीचा उठाव किंचित उजळ; असे केले की रस्त्यावरच्या मनुष्याला घर वाचता येते. करड्या थराखाली मुकी झालेली रचना पुन्हा बोलू लागते. अशा वेळी रंग पुजिनच्या दुसऱ्या नियमाची सेवाच करतो. उलट प्रत्येक पाकळीला वेगळा रंग देऊन सोनेरी बोटे फिरवली, की घर मिठाईच्या दुकानासारखे दिसू लागते. नक्षी उरते, घर हरवते. तीन ते पाच छटांच्या पलीकडे जाणाऱ्याने प्रत्येक नव्या छटेचे कारण स्वतःला विचारावे.

ज्यांच्यावर अशा घराची जबाबदारी आहे त्यांच्यासाठी याच तत्त्वातून काही व्यवहार निघतात. झडपा लावावयाच्या तर प्रत्येक झडप खिडकीच्या निम्म्या रुंदीची हवी. मिटल्यावर खिडकी झाकली न जाणारी झडप हे भिंतीवर लटकवलेले असत्य होय. ओसरी इतकी खोल असावी की तेथे खुर्ची टाकून बसता येईल. बुरूज उभारला तर त्यात खोली असावी. जुने लाकूड वाळूच्या वा पाण्याच्या प्रखर माऱ्याने साफ करू नये. त्याने नक्षीची धार जाते आणि ओल आत शिरते. शिवाय अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, त्यापूर्वीच्या थरांत ते असण्याचा संभव मोठा. म्हणून ते खरवडताना मुलाबाळांची काळजी आधी, शोभा मागून.

आपल्याकडे या वादाचे उत्तर दगडात दिले गेले. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरील, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरील, पाने, पशू आणि पक्षी सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातून घडले. १८८७ पर्यंत चाललेल्या त्या कामात आराखडा विलायती धाटणीचा असला तरी नक्षीला घडवणाऱ्याचा हात आणि येथल्या रानाची ओळख लाभली. नमुनापुस्तकातून मागवलेल्या जाळीत नेमके हेच उणे होते.

अलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत उलटी लाट आली आहे. अनेक जुनी घरे नखशिखांत काळ्या वा गडद करड्या रंगात बुडवली जात आहेत, आणि जुने रहिवासी त्या रंगात नव्या श्रीमंतीची चाहूल ओळखतात. काळा रंग स्वतः दोषी नाही. पण भिंत, चौकट, झालर, सारे एकाच काळोखात लोटले की रचना पुन्हा मुकी होते, आणि रस्त्याशी असलेला संवाद मालकाने एकतर्फी तोडल्यासारखे होते. दुसरीकडे नव्याने बांधल्या जाणाऱ्या 'व्हिक्टोरियन' घरांवर फोमची नक्षी आणि प्लास्टिकच्या झडपा चिकटवल्या जातात. दोन्हींत उणीव एकच. घर कशाचे बनले आहे आणि आत कोण कसे राहते, याविषयी भिंत काहीच सांगत नाही. असे घर सजवू पाहणाऱ्याने रंगाचा डबा उघडण्यापूर्वी रस्ता ओलांडून समोरच्या बाजूस उभे राहावे आणि तेथून आपल्या घराकडे पाहावे; कारण त्याने केलेले काम रोज पाहणारा शेजारी तेथेच राहतो.