तेरा द्राक्षांचा विडा

'निर्भेळ' हा आपल्या समीक्षेतला एक लाडका शब्द आहे. विनोद निर्भेळ असावा, कारुण्य निर्भेळ असावे, आनंद तर निर्भेळच असावा, असे आपण सहज लिहून जातो. तुपाच्या बाबतीत हा आग्रह योग्यच आहे. परंतु सगळीकडे तोच गज लावला की काही चांगल्या गोष्टींना आपण विनाकारण मुकतो. ग्रनाश द्राक्षाच्या मिश्र मद्यांविषयी चारचौघांत बोलताना हे मला फार जाणवते. ऐकणाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे एका द्राक्षाची शुद्ध नाही का?" जणू दोन-चार जातींची द्राक्षे एकत्र आली म्हणजे कोणी दुधात पाणीच घातले!

आंबागडसारख्या गावी मास्तरकी करणाराने या विषयावर लिहावे काय, असे कोणी विचारील. विचारणाराला मी दोष देणार नाही. दारूने उघडी पडलेली घरे मला माझ्या हजेरीपटातही दिसतात. पण आमच्याकडे पिणे म्हणजे केवळ चढणे, असा जो समज आहे, तो त्या घरांना वाचवीत नाही. जेवणाबरोबर, मोजून, चव घेऊन प्यायच्या पेयाची चर्चा अन्नाच्या चर्चेसारखीच करावी, या मताचा मी आहे.

ग्रनाश हे स्पेनमध्ये फार जुन्या काळापासून रुजलेले; तिकडे त्याला गार्नाचा म्हणतात. ऊन, वारा, अवर्षण सोसणारे, उशिरा पिकणारे आणि भरपूर साखर धरणारे हे द्राक्ष. त्यामुळे त्याच्या मद्यात मद्यार्क 14-15 टक्क्यांपर्यंत सहज जातो. मात्र साल पातळ, रंग फिका, आंबटपणा व तुरटपणा बेताचाच. गळा गोड, पण तालाला कच्चा असा हा गवई आहे. म्हणून दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात त्याच्या जोडीला सिरा देतात. (हेच आपल्या नाशिककडचे शिराझ.) ते रंग आणि मिऱ्याची झाक आणते. मूर्वेद्र नावाचे तिसरे द्राक्ष तुरटपणा आणि काहीसा रानवट, कातड्यासारखा वास घेऊन येते. ऑस्ट्रेलियात या त्रिकुटाला नुसते जी. एस. एम. म्हणतात. नाटकाला पात्रांच्या आद्याक्षरांचे नाव द्यावे तसे मला ते वाटते, असो.

या घराण्याचे मूळ पीठ म्हणजे शातोनफ-द्यु-पाप. नावाचा अर्थ 'पोपचा नवा वाडा'. चौदाव्या शतकात पोप आविन्यों येथे राहत असत. त्यांच्यापैकी बाविसाव्या जॉनने येथे वाडा बांधला. आज त्याचे भग्नावशेष उरले आहेत. बख्त बुलंदाच्या काळातला आमचा गड रोज डोळ्यांपुढे असल्यामुळे त्या पडक्या भिंतींविषयी मला उगाच आपलेपणा वाटतो. तर या गावच्या मद्याचे नियम 1936 साली ठरले आणि त्यांत द्राक्षाच्या 13 जाती मान्य झाल्या.

तेरा! मराठी माणसाला हा आकडा ऐकून त्रयोदशगुणी विडा आठवू नये, याचे मला आश्चर्य वाटते. नागवेलीचे पान हिरवे, चुना पांढरा, कात तपकिरी. पण विडा रंगतो तो लाल. तो लाल रंग तिघांपैकी एकातही नव्हता. कोणी विड्यातून कात वेगळा काढून "हा पाहा, शुद्ध कात" म्हणून चघळायला देत नाही. ग्रनाशच्या मिश्रणाची कसोटीही हीच असावी. घटक ओळखू येतात की नाही, हा प्रश्न दुय्यम. जो रंग कोणाही एकाचा नव्हता तो आला की नाही, हा खरा प्रश्न. तेरा जाती मान्य असल्या तरी बहुतेक जण तीन-चारच वापरतात. तेही ठीकच, वेलदोडा नसला म्हणून विडा अडत नाही. पान मात्र हवे, आणि ते पान म्हणजे ग्रनाश.

यावर एक आक्षेप रास्त आहे. त्याच गावचे शातो रायास हे मद्य एकट्या ग्रनाशचे असून त्याची गणना श्रेष्ठांत होते. मग मेळ कशाला? मी म्हणेन, लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्याने उभे केले. पण त्या एकट्याच्या अंगी 52 पात्रे होती. तेवढ्यावरून बाकीच्या नाटक मंडळ्यांनी पडदा पाडावा असे ठरत नाही.

मला खरी चीड येते ती या मद्यांच्या वर्णनांची. आपले लोकही स्ट्रॉबेरी, रास्पबेरी अशी उसनी यादी म्हणून दाखवतात. ज्याने रास्पबेरी कधी हुंगली नाही, त्याने ती पेल्यात कशी शोधावी? इंग्रजी पुस्तके ज्या एका गुणासाठी धडपडतात, तो तुरटपणा आपल्या पोराला हिरड्याने, सुपारीने, कच्च्या टेंभुर्णीने लहानपणीच शिकवलेला असतो. आणि मुरलेल्या ग्रनाशचा वास हुबेहूब सुकवलेल्या मोहफुलांचा येतो. चैत्रात अंगणभर पसरलेली ती फुले आमच्याकडचे लेकरूही डोळे मिटून ओळखील. पण मोहाचे नाव काढायला आपल्याला लाज वाटते. घरी मोहाची दारू गाळणे हा 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा. द्राक्षाच्या मद्याला मात्र 2001 साली शासनाने स्वतंत्र धोरण आखून दिले. कायद्याचे तो पाहून घेईल. नाकाने तरी असा भेद करू नये.

नागपूरच्या एका स्नेह्याने वैशाखात दोन बाटल्या आणल्या होत्या: एक शातोनफची, एक साध्या ऱ्होनची, बरीच स्वस्त. पुस्तके सांगतात, तांबडे मद्य खोलीच्या उष्णतेवर प्यावे. ती खोली तिकडची, 16-17 अंशांची. आमच्या खोलीत पारा चाळिशीला टेकलेला. बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या सावलीला ठेवाव्या लागल्या. एरवी ग्रनाशची ऊब नुसती आग होते.

स्वस्त बाटलीत सिरा पुढे पुढे करीत होते. रंग गडद, मिऱ्यांचा ठसका चांगला, पण घोट गिळल्यावर मागे काही राहिले नाही. विड्यात कात जास्त पडावा तसे. शातोनफचा रंग त्या मानाने फिका. स्नेही तर थोडा हिरमुसलाच. पहिल्या घोटाला ऊब, मग तीच मोहफुले, मग बडीशेपेसारखे काहीतरी, आणि अगदी शेवटी, घोट गेल्यावर, हलका तुरटपणा. कोणते कोणाचे, हे मला सांगता आले नाही आणि सांगावेसेही वाटले नाही. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याच्या भरिताशी ते उत्तम जुळले. सावजी रश्श्याशी मात्र दोन्हींपैकी एकही जुळले नाही. मद्यार्क मिरचीला चेतवतो. जीभ भाजली की पोपचे मद्य काय नि कोणाचे काय! त्या रश्श्यापुढे आम्ही पेले बाजूला सारले आणि ताक मागवले.