धूर आणि मनुका : एक ताळेबंद

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एक बेट आहे. इंग्रजी स्पेलिंगवर विसंबणारे त्याला ‘इस्ले’ म्हणतात. तिथली माणसे ‘आयला’ म्हणतात. मराठी माणसाला हा उच्चार शिकवावा लागत नाही. तिथल्या व्हिस्कीचा पहिला घोट पोटात गेला की तो आपोआप तोंडातून बाहेर पडतो.

याला कारण पीट. बेटावर झाडे कमी, दलदल फार. हजारो वर्षे कुजत, दबत गेलेले शेवाळ आणि गवत खणून काढायचे, विटांसारखे वाळवायचे आणि जाळायचे. मोड आणलेले जव त्या धुरावर सुकवायचे. आपण बाळंतिणीच्या खोलीत ओवा-वावडिंगाची धुरी देतो ना, तशी ही मंडळी धान्याला देतात. फरक एवढाच, की आपले बाळ तो वास विसरून जाते. हे जव पंधरा वर्षे पिंपात कोंडले तरी विसरत नाहीत.

आता या धुरकट गृहस्थाचे लग्न स्पेनच्या गोड मुलीशी लावायचे, ही कल्पना कुणाला सुचली कोण जाणे! स्पेनमधल्या हेरेस गावची शेरी पूर्वी पिंपे भरभरून इंग्लंडात येई. शेरी संपली की पिंप रिकामे. ते टाकून देणे स्कॉटिश स्वभावात बसेना. त्यांनी त्यात व्हिस्की भरली. आपल्याकडे बिस्किटांच्या डब्यात रवा भरतात, तितकीच ही साधी गोष्ट. पुढे १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरायचा कायदा झाला आणि पिंपे येईनाशी झाली. तेव्हापासून मुद्दाम नवी पिंपे करून त्यांत काही काळ शेरी मुरवतात आणि मग ती स्कॉटलंडला धाडतात. म्हणजे आता रव्यासाठी बिस्किटे विकत घ्यायची!

शेरीतही दोन घराणी. ओलोरोसो कोरडी, अक्रोडाच्या चवीची. पेद्रो हिमेनेस उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, काकवीसारखी दाट. पहिली सासुरवाशीण शांतपणे संसार सांभाळते. दुसरी आल्या दिवशी स्वयंपाकघर ताब्यात घेते.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाने यावर मत द्यावे हे कसले धारिष्ट्य? पण वाचकहो, मी बी.कॉम. आहे. हा मामला चवीचा दिसला तरी मुळात भागीदारीचा आहे. कुणी किती भांडवल आणले आणि पाटीवर कुणाचे नाव लागले, एवढेच पाहायचे. परदेशी गेलेले भाचे, जावई आणि एक सज्जन मेहुणा यांच्या कृपेने चार बाटल्या घरात आल्या. त्यांचे हे लेखापरीक्षण.

पहिली बोमोर, १५ वर्षांची, ‘डार्केस्ट’ नावाने अनेक वर्षे विकली गेलेली. कारखाना १७७९ चा. बारा वर्षे बर्बनच्या पिंपात आणि शेवटची तीन ओलोरोसोच्या. धूर बेताचा, वाड्यातल्या बंबाचा सकाळी उरतो तेवढा. त्यावर मनुका आणि कडू चॉकलेट. भागीदारी सलोख्याची. पण ताकद ४३ टक्के, त्यामुळे दोघेही भागीदार जरा दबक्या आवाजात बोलतात.

दुसरी लागावूलिनची ‘डिस्टिलर्स एडिशन’. हीही ४३ टक्क्यांची, शेवटचा मुक्काम पेद्रो हिमेनेसच्या पिंपात. खजूर आणि अंजीर असे चोपडलेले, की धूर हाक मारून बोलवावा लागतो. वाईट नाही, कुणी म्हणेल ही तर मेजवानी. पण याच घरची साधी १६ वर्षांची व्हिस्की प्यायलेल्या माणसाला वाटते, एवढ्या रुबाबदार माणसाला कशाला हा फेटा?

तिसरी लफ्रॉइग, १० वर्षांची, ओलोरोसोत शेवट केलेली, ४८ टक्के. लफ्रॉइगला दवाखान्याचा वास येतो: आयोडीन, पट्ट्या, समुद्राची खारी हवा. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा ती औषध म्हणून खपत असे म्हणतात. महाराष्ट्रातल्या माणसाला याचे काय नवल? आपल्या परवान्यावरही कारण ‘आरोग्य’ हेच असते! इथे शेरीने टिंक्चरच्या बाटलीत गुळाचा खडा टाकला आहे. दोघे एका घरात राहतात, पण चुली वेगळ्या.

चौथी आर्डबेगची ‘ऊगादाल’. हे तिथल्या तळ्याचे नाव; डाळीशी संबंध नाही. २००३ साली बाजारात आली. ताकद ५४.२ टक्के, वय सांगत नाही. आर्डबेगच्या जवात धुराचे प्रमाण ५५ पीपीएमच्या आसपास, या मंडळींत चढे. मात्र हा आकडा धान्यातला, बाटलीतला नव्हे. गाळताना आणि मुरताना बराच उडतो. अधिकृत भांडवल आणि भरणा झालेले भांडवल यांत फरक असतो, तसेच हे. तरीही इथे भरणा भरपूर आहे. चार थेंब पाणी घाला. आधी होळी, मग होळीत भाजलेला गूळ, मग पुन्हा होळी. कुणी कुणाला झाकत नाही. हीच खरी भागीदारी.

आणि इथेच माझा आक्षेप. शेरीचे पिंप हल्ली पावडरसारखे वापरतात. कोवळी व्हिस्की चार-सहा महिने गोड पिंपात ठेवली की चेहऱ्यावर तुकतुकी येते. ताळेबंदात याला ‘विंडो ड्रेसिंग’ म्हणतात. मार्चअखेर सगळ्याच शाखा सुंदर दिसतात. काळाला मात्र पर्याय नाही. पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के माल हवेत जातो, देवदूतांचा वाटा म्हणून. घटत्या शिलकीच्या पद्धतीने घसारा काढा: १०० लिटरचे १६ वर्षांनी ७२ उरतात. ते २८ लिटर गमावण्याची ज्याची तयारी, त्याला चढा भाव मागायचा हक्क आहे. ज्याने फक्त मनुका लावल्या, त्याला नाही. जुलै २०२५ च्या भारत-ब्रिटन करारात आयात जकात १५० वरून ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्के करायचे ठरले. म्हणजे पुढे असल्या रंगवलेल्या बाटल्याही वाढणार. तेव्हा पारख आत्ताच करून ठेवलेली बरी.

पारखेची रीत फुकट आहे. पिऊन झालेला ग्लास रात्रभर न विसळता ठेवा. सकाळी हुंगा. मनुका, अंजीर, खजूर, सगळे पाहुणे रात्रीच निघून गेलेले असतात. धूर तेवढा तळाशी बसलेला असला, तर व्हिस्की खरी. ऊगादालच्या ग्लासात तो दुपारी बारापर्यंत होता. पुढचा निकाल लागला नाही, सौ.ने त्यात दूधमसाला ठेवला. संध्याकाळपर्यंत तोही आयलाचा रहिवासी झाला होता.