‘च’चा हट्ट

डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी वारकऱ्यानेही वाचावी अशी आहे. एलिस (१९१३–२००७) हे अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी १९५५ साली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. १९६०च्या दशकात आरन बेक यांनी स्वतंत्रपणे जवळचीच वाट काढली. या घराण्याला आज सीबीटी म्हणतात.

सिद्धांत असा : घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली समजूत उभी असते. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलजोडीला भाव आला नाही, असे समजा. एक शेतकरी हळहळतो आणि पुढचा बाजार धरतो. दुसरा म्हणतो, “भाव मिळायलाच हवा होता. माझी पतच गेली. आता जगण्यात अर्थच नाही.” बाजार तोच, फरक त्या ‘च’चा. उपचारक तो ‘च’ पकडायला शिकवतो. पत गेली कशावरून, असा पुरावा मागतो आणि घरी करायला अभ्यास देतो.

आपल्यातले पुष्कळ म्हणतील, यात नवे काय? ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, गीतेची टीका सांगितली. तिच्या दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची साखळी आलीच आहे. खरे आहे. पण साखळी दाखवणे वेगळे आणि खचलेल्या माणसाजवळ बसून तिची एकेक कडी सोडवणे वेगळे. नारदाच्या गादीवरून हजारांना उपदेश करता येतो. एकाची कडी सोडवता येत नाही.

शिवाय ही पद्धती दुःख आणि नैराश्य यांत भेद करते. पीक गेल्यावर दुःख होणे रास्तच. ‘नाम घे, रडू नको’ म्हणणारा उपदेशक हा भेद विसरतो.

माझा आक्षेप एवढाच. एलिस ईश्वर मानीत नसत. त्यांचा माणूस स्वतःच्या विवेकाच्या बळावर उभा राहतो. आपला माणूस दिंडीत उभा राहतो. ज्याची बुद्धी थकली, त्याला वादाआधी सोबत हवी.

म्हणून सोबत आपण द्यावी, उपचार जाणत्याने करावा. ज्याची झोप उडाली, अन्न तुटले, जो मरणाची भाषा बोलतो, त्याच्या गळ्यात माळ असली तरी त्याला डॉक्टरकडे न्यावे. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो फोन लावून देणे आणि तोवर त्याच्याजवळ बसणे, हीही पांडुरंगाचीच सेवा.