पंचशील, तिबेट आणि राज्यसभेतील एक भाषण

तिबेटच्या प्रश्नावर आपल्याकडे सभा भरली, की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या राज्यसभेतील २६ ऑगस्ट १९५४ च्या भाषणाचा उल्लेख हमखास होतो. चीनला ल्हासाचा ताबा घेऊ देऊन पंतप्रधानांनी त्याची सीमा भारताच्या सीमेला आणून भिडवली, हा त्यातील इशारा. १९६२ च्या युद्धानंतर ते भाषण भविष्यवाणी म्हणूनच वाचले जाऊ लागले. हे वाचन खोटे नाही, पण अपुरे आहे.

भाषणाला पार्श्वभूमी होती २९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन कराराची. त्याच्या प्रास्ताविकातील पाच तत्त्वांना 'पंचशील' हे नाव मिळाले, आणि बाबासाहेबांनी नेमके त्या नावावरच बोट ठेवले. पंचशील हा बौद्ध धम्माचा अविभाज्य भाग आहे. माओंची त्यावर श्रद्धा असती तर स्वतःच्या देशातील बौद्धांशी ते फार वेगळे वागले असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. येथे कसोटी सीमेची नाही, माणसांना मिळणाऱ्या वागणुकीची आहे. पिंगळीसारख्या गावच्या विहारात त्रिसरणामागोमाग जे पंचशील म्हटले जाते, ते प्रत्येक उपासक स्वतःच्या आचरणासाठी स्वीकारतो. करारातील पाच तत्त्वे म्हणजे दोन सरकारांनी परस्परांना दिलेली हमी. एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करायचा नाही, हेही त्यात आलेच. त्या पाचांत तिबेटी माणूस कोठेच नाही.

अर्थात भाषणाला मर्यादाही आहे. त्याचा भर भारताचे संरक्षण, साम्यवादाचा विस्तार आणि आग्नेय आशियाई लष्करी करार यांवर आहे. तिबेटी जनतेच्या स्वयंनिर्णयाचा विचार त्यात विस्ताराने येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या ठरावात तो आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. १९६५ च्या ठरावाला मात्र भारताने पाठिंबा दिला.

आपल्यातील काही जण विचारतात : जुन्या तिबेटात मठांच्या जमिनी कसणारी कुळे बांधील होती, मग त्या व्यवस्थेची बाजू आपण का घ्यावी? प्रश्न रास्त आहे. तिबेट-समर्थकांनी त्यावर रागावू नये. बाबासाहेबांची कसोटी बीजिंगला लागू होते तशी ल्हासालाही झाली पाहिजे. निर्वासितांच्या १९६३ च्या संविधान-मसुद्यात दलाई लामांचे अधिकार काढून घेण्याची तरतूद होती, आणि २०११ मध्ये त्यांनी राजकीय अधिकार स्वतःहून सोडले, ही उत्तराची सुरुवात म्हणता येईल. आपला पाठिंबा माणसांना आहे, गादीला नव्हे, एवढे स्पष्ट असले म्हणजे झाले.

आणि ती माणसे फार दूर नाहीत. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात 'नॉर्ग्येलिंग' ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे येथील तिबेटी माणूस कागदोपत्री 'परकीय' ठरतो आणि त्याला नोंदणीपत्राचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले मात्र १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने जन्मतःच नागरिक आहेत. तरीही एका तिबेटी तरुणीला पासपोर्टसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, आणि २०१० मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. तिबेटवरील आपल्या व्याख्यानांत हिमालय पुष्कळ असतो. हा पासपोर्ट आणि ते नोंदणीपत्र क्वचितच येते.