बीटी कपाशीतील कीड-प्रतिकार व्यवस्थापन : 'रेफ्युजी' धोरणाची चिकित्सा

बीजसंज्ञा : बीटी कपाशी, गुलाबी बोंडअळी, प्रतिकारक्षमता, रेफ्युजी बियाणे, फरदड

प्रस्तावना :
मार्च २००२ मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी कपाशीच्या व्यापारी लागवडीस परवानगी दिली. २००६ मध्ये दोन जनुकांचे 'बोलगार्ड-२' आले. गुजरातमधील गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला जुमानत नसल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात तर विदर्भ-मराठवाड्यात तिने दोन्ही विषे पचवून बोंडे पोखरली. या अपयशाचे खापर 'शेतकऱ्याने रेफ्युजी पेरली नाही' असे म्हणून फोडले जाते. प्रस्तुत लेखात हे निदान तपासले आहे.

विवेचन :
रेफ्युजीमागील तत्त्व निर्दोष आहे. बिगर-बीटी झाडांवर वाढलेल्या संवेदनक्षम पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर व्हावा व प्रतिकाराचे जनुक प्रबळ होऊ नये, हा त्याचा हेतू. त्यासाठी शेताभोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल ते बिगर-बीटी ठेवण्याची अट होती. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळे. ती बहुधा पेरलीच गेली नाही. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने पाचवा हिस्सा किडीच्या तोंडी द्यावा आणि लाभ मात्र साऱ्या परिसराला व्हावा, अशी ही मांडणी होती. झळ एकट्याने सोसायची आणि फळ सर्वांनी वाटून घ्यायचे, अशी अट केवळ उपदेशाने पाळली जात नाही.

दुसरा मुद्दा किडीच्या स्वभावाचा. अमेरिकन बोंडअळी तूर व हरभऱ्यावरही जगते. त्यामुळे तिला नैसर्गिक आश्रय आयताच लाभतो. गुलाबी बोंडअळीची उपजीविका मुख्यतः कपाशीवरच. म्हणजे जिथे रेफ्युजीची निकड सर्वाधिक, तिथेच ती नव्हती. त्यात दीर्घ मुदतीच्या संकरित वाणांची आणि फरदडीची भर पडल्याने किडीला हिवाळाभर अन्न मिळत राहिले. शिवाय संकरित झाडाच्या एकाच बोंडात विषयुक्त व विषरहित सरकी शेजारी-शेजारी असते. अशा मिश्र आहारातून प्रतिकार अधिक वेगाने निवडला जातो, याकडे केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. के. आर. क्रांती यांनी लक्ष वेधले आहे. वाणाची ही निवड शेतकऱ्याची नव्हती. ती बियाणे-व्यवस्थेची होती.

अमेरिकेत बीटी कपाशी, रेफ्युजी, वांझ पतंगांचे प्रसारण व पिकाचे अवशेष नष्ट करणे यांची सांगड घालून २०१८ मध्ये या किडीचे उच्चाटन जाहीर झाले. तेथे जबाबदारी सामूहिक होती. आपल्याकडे बीटी व बिगर-बीटी बियाणे एकाच पाकिटात मिसळण्याचा उपाय पुढे आला, तो दोन्ही जनुके निष्प्रभ झाल्यानंतर.

निष्कर्ष :
तंत्रज्ञान विकणाऱ्याकडे नफा आणि ते टिकवण्याचा भार वापरणाऱ्याकडे, ही विषम विभागणी धोरणाचा मूळ दोष होय. कमी मुदतीचे वाण, डिसेंबरअखेर पऱ्हाटी नष्ट करणे, गावपातळीवर एकाच वेळी पेरणी व कामगंध सापळे यांशिवाय कोणतेही नवे जनुक टिकणार नाही. किडीला शेताचा बांध ठाऊक नसतो; धोरणाने तरी तो ओलांडून विचार करावयास हवा.