रेंब्रांटचे ‘तीन वृक्ष’ : एका ताम्रमुद्रित चित्राचें परीक्षण

ताम्रपट म्हटला कीं आमच्या संशोधकवर्गाच्या डोळ्यांपुढें शिलाहारांचें किंवा राष्ट्रकूटांचें एखादें दानशासन उभें राहतें. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला पत्राहि तांब्याचाच. परंतु तो वाचण्यासाठीं नव्हे, कागदावर उमटविण्यासाठीं कोरलेला. डच चित्रकार रेंब्रांट (१६०६–१६६९) यानें १६४३ सालीं ‘तीन वृक्ष’ या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेलें हें ग्रामीण चित्र केलें. आकार सुमारें २१ × २८ सेंटिमीटर. त्याच्या निसर्गविषयक ताम्रमुद्रितांत हेंच सर्वांत मोठें.

उजवीकडे उंचवट्यावर तीन झाडें खेटून उभीं आहेत. डावीकडे सपाट कुरणें, गुरें व दूरवर नगराची अस्पष्ट आकृति. क्षितिज खालीं ओढल्यामुळें चित्राचा बहुतेक भाग आकाशानेंच व्यापिला आहे. सर्व भार एका बाजूस पडून चित्र कलंडावयाचें. तें कलंडत नाहीं, याचें श्रेय डाव्या वरच्या कोपऱ्यांतील पावसास आहे. तेथें पट्टीनें ओढल्यासारख्या तिरप्या, सरळ रेषांचा पट्टा आहे. या रेषा रूक्ष आहेत खऱ्या. पण हा रूक्षपणाच झाडांच्या गर्द पुंजक्यास तोलून धरतो. ढगांची रेषा वळसे घेणारी, पानांची आंखूड व एकमेकींस छेदणारी, मैदानाची तर जेमतेम दिसणारी. झाडांमागील उजेड मात्र कोरलेलाच नाहीं. तो कोरा कागद आहे.

मेणाच्या लेपावर सुईनें रेखाटून पत्रा तेजाबानें खाववावयाचा, ही मुख्य रीत. तिच्या जोडीस येथें कोरणीचें काम आहे, आणि उघड्या तांब्यावर सुईनें थेट ओरखडलेल्या रेषाहि आहेत. अशा ओरखड्याच्या कांठीं कुसळासारखी कड उठते, तींत शाई अडकून मखमली काळोख उमटतो. थोड्याच प्रती निघाल्यावर ती कड दबून जाते. म्हणून संग्राहकानें सालाइतकेंच या काळोखाकडे पहावें. एकाच पत्र्याची आधींची व मागाहूनची प्रत यांत मूळ पोथी व नक्कल यांइतकें अंतर पडूं शकतें.

या तीन वृक्षांत गोल्गोथाचे तीन क्रूस पाहणारे टीकाकार आहेत. चित्रकाराची पत्नी सास्किया १६४२ सालीं वारली, हाहि आधार कोणी पुढें करितात. आम्हांस हें अनुमान लंगडें वाटतें. क्रूसच दाखवावयाचे तेव्हां त्यानें १६५३ सालीं ‘तीन क्रूस’ हें चित्र उघडपणें केलें. शिवाय या पत्र्यावर शोकापेक्षां चालता संसारच अधिक आहे: पाण्याकांठीं गळ टाकून बसलेला मनुष्य व त्याच्याजवळील स्त्री, उंचवट्यावरून जाणारी माणसांची गाडी, उजव्या झुडपाच्या अंधारांत दडलेलें प्रेमी युगुल. दानपत्रांत नसलेलें गांव त्यांतून काढणाऱ्यास आपण जाब विचारतों. चित्रासहि तोच न्याय लावावा. (याच हातानें पुढें मोगल चित्रांवरून रेखाटनें केलीं, हें आपल्याकडील संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.)

पुस्तकांतील लहान प्रतिकृतींत तें युगुल बहुधा काळ्या डागांत बुडतें. उंचवट्याच्या अगदीं उजव्या टोकास कागद घेऊन बसलेला चित्रकारहि सहज नजरेंतून सुटतो. वृक्षांकडे त्याची पाठ आहे, आणि तो जें रेखाटीत आहे तें आपल्या चौकटीच्या बाहेर आहे.